मे आणि ऑगस्ट यांच्या मधली जमीन: इंदूरच्या एका घरातलं लाकडी फ्लोअरिंग

घर इंदूरच्या पश्चिम भागातलं, दुमजली, वीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं. तळमजल्यावर बैठक, स्वयंपाकघर आणि आजींची खोली. वरच्या मजल्यावर दोन बेडरूम, त्यातली मोठी १२ बाय १४ फुटांची. कुटुंब मूळचं इंदूरच्याच जुन्या वस्तीतलं, मल्हारगंजातलं. तिथलं भावकीतलं जुनं घर पाडायला घेतलं होतं आणि त्याच सुमारास या घराचं नूतनीकरण सुरू झालं. मुलगा आणि सून बंगळुरूहून परतले होते. त्यांची मागणी स्पष्ट होती: सगळ्या घराला लाकडी जमीन, फिकट रंगाचा व्हाइट ओक, सात इंची रुंद फळ्या, आणि काम अक्षय्य तृतीयेच्या आत पूर्ण.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट शेवटी बदलली. ती का बदलली, ते सविस्तर लिहिते आहे, कारण माळव्यात लाकडी जमिनीचा विचार करणारे बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात आणि दुकानदार त्यांना कडकपणाच्या आकड्यांवर घेऊन जातो. इथे ज्याच्यावर जमीन टिकते किंवा बिघडते, तो प्रश्न दोन्हीकडे राहूनच जातो. मे महिन्यात ही फळी किती आकसणार आणि ऑगस्टमध्ये किती फुगणार?

दुकानातून मिळालेल्या तक्त्यात व्हाइट ओकपुढे १३६० आणि सागवानापुढे १०७० लिहिलेलं होतं. हे जांका चाचणीचे आकडे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, तेवढंच ही चाचणी मोजते. आकडे बरोबर आहेत. त्यावरून "ओक सागवानापेक्षा मजबूत" असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. उंच टाचांच्या चपला किंवा बूट घालून घरात वावरणाऱ्यांसाठी या आकड्याला किंमत आहे. आपल्याकडे चपला दाराबाहेर निघतात आणि बेडरूममध्ये अनवाणी पाय चालतात. शिसम तर १६६० च्या आसपास जातं, पण त्याच्या लांब, सरळ फळ्या मिळणं कठीण, आणि बाहेरचं पांढरं लाकूड राहिलं की भुंगा लागतो. साल वृक्षाचं लाकूड आणखी जड, पण वाळवताना पिळतं. कडकपणा हा एकच निकष धरला तर निवड चुकते, म्हणून तो तक्ता मी बाजूला ठेवायला सांगितला.

आता हालचालीबद्दल. लाकूड सतत हवेशी बरोबरी साधत असतं. हवेत ओल वाढली की ते पाणी ओढून घेतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की पाणी सोडतं आणि आकसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत तो दिसतो. साधारण २५ अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांजवळ येऊन थांबतो. आर्द्रता ५० टक्के असताना तो ९ जवळ आणि ८० टक्के असताना १६ जवळ असतो. इंदुरात मेच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, काही दिवस त्याहूनही खाली. जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते. बंद खोलीतलं, पॉलिश केलेलं लाकूड या दोन टोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून मी हिशेबाला ६ ते १४ टक्के ओलावा धरला. म्हणजे ८ टक्क्यांचा फरक.

मग जात आणि चिरण्याची दिशा यांचा प्रश्न येतो. ओलाव्यातल्या प्रत्येक एका टक्क्यामागे १०० मिलिमीटर रुंदीची, डोंगरासारख्या नक्षीची फळी ओकची असेल तर सुमारे ०.३६५ मिलिमीटर हलते, सागवानाची ०.१८६. तेच सागवान उभ्या रेषांचं, म्हणजे क्वार्टर कट चिरलेलं असेल तर फक्त ०.१०१. हे आकडे मी घरमालक काका, त्यांचा मुलगा आणि सून यांच्यासमोर कागदावर मांडले. सात इंची, म्हणजे १७८ मिलिमीटरची सलग ओकची फळी मे ते ऑगस्ट या काळात ५ मिलिमीटरहून जास्त हलेल. ६५ मिलिमीटरची क्वार्टर कट सागवानी पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर. दहापट फरक, आणि त्यातला मोठा वाटा रुंदीचा आणि चिरण्याच्या दिशेचा. जातीचा वाटा त्यानंतरचा. हे पटलं की माणूस दुकानात वेगळे प्रश्न विचारू लागतो.

सूनबाईंनी रास्त मुद्दा काढला. "ताई, आम्ही पाहिलेल्या दोनपैकी एक कोटेशन इंजिनिअर्ड ओकचं आहे. ते तर हलत नाही म्हणतात." त्याच्याशी न्यायाने वागायला हवं. इंजिनिअर्ड फळीत वर ओकचा पातळ थर आणि खाली आडव्या-उभ्या थरांचं प्लाय असतं, त्यामुळे रुंदीतली हालचाल खरोखर कमी होते. पूर्ण वातानुकूलित घरासाठी मी ते आनंदाने सुचवते. पण या कोटेशनमधला वरचा थर ३ मिलिमीटरचा होता, म्हणजे आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घासून नवं करता येणार. आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत खोलीची आर्द्रता ३५ ते ६० टक्क्यांत ठेवण्याची अट होती. या घरात मे महिन्यात ती खाली घसरणार आणि ऑगस्टमध्ये वर जाणार. दोन्ही ऋतूंत वॉरंटी लागू नाही, तर ती कशासाठी?

यातच कूलरचा विषय निघाला. इंदुरात उन्हाळ्याच्या रात्री खिडकीत कूलर चालतो, खसच्या जाळीतून ओली हवा खोलीत येते. रात्री खोली दमट, दुपारी कूलर बंद झाला की कोरडीठाक. कूलर चालणाऱ्या खोलीतलं लाकूड मे महिन्यात तितकं वाळत नाही, ही जमेची बाजू. मात्र खिडकीखालच्या तीन-चार पट्ट्यांवर रोज ओली हवा आणि अधूनमधून थेंब पडतात, आणि त्या पट्ट्या बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळं वागतात. एसी लावला तर चित्र उलटतं. म्हणून लाकूड ठरवण्याआधी मी विचारलं, की या खोलीत पुढची दहा वर्षं काय चालणार आहे? त्यांनी एसी लावायचं ठरवलं आणि कूलर बैठकीत गेला. लाकडाच्या निवडीतला हा मोठा निर्णय होता.

तळमजल्यासाठी मी पहिल्यापासून नाराज होते. घर काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी बराच काळ धरून ठेवते. जोत्यात ओल अडवणारा थर नीट घातलेला आहे की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती. आजींच्या खोलीतल्या कोटा दगडाच्या फरशीवर आम्ही दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब होते आणि फरशी काळसर झाली होती. अशा जमिनीवर लाकूड बसवलं की ते खालून ओल पितं, वरून वाळतं, आणि फळीच्या कडा वर उचलल्या जातात. वाळवीला तर आमंत्रणच. इपॉक्सीचा थर देऊन ओल अडवता येते, आणि वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडता येतं. मात्र त्यानंतरही कायम लक्ष ठेवावं लागतं.

मुलाचा आग्रह होता, की आजीच्या पायांना थंडीत कोटा गार लागतो, तिच्यासाठी तरी लाकूड हवंच. विचार प्रेमाचा होता. आजींना विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मला गार चालेल रे, घसरायला नको. आणि पाणी सांडलं की कुणाच्या मागे लागायला नको." त्यांच्या खोलीत लाकूड घालायचं नाही हे तिथेच ठरलं. कोट्याचं पॉलिश घासून तो खरखरीत करून घेतला, पलंगाजवळ जाड सतरंजी, तिच्याखाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. बैठकही कोट्याचीच राहिली. स्वयंपाकघराचा तर प्रश्नच नव्हता.

काकांना हे वाटप लगेच पटलं. "आपला राजवाडा बघ," ते मुलाला म्हणाले, "खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे." इंदुरातल्या होळकरांच्या या राजवाड्याच्या बांधणीमागे कारणं वेगळी असतील, पण ओल जमिनीतून वर चढते आणि लाकूड तिच्यापासून जितकं लांब तितकं बरं, हे त्या काळच्या सुतारांना नक्कीच ठाऊक होतं.

मग वरच्या मोठ्या खोलीसाठी सागवान कुठलं? बाजारात सागवान या एका नावाखाली फार वेगवेगळा माल विकला जातो. आपल्याकडचं सीपी, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं, सागवान हरदा, बैतूल, नर्मदापुरमकडच्या जंगलांतून येतं. याच सातपुड्यातलं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. वन विभागाच्या काष्ठागारातून लिलावात निघालेल्या मालाचं बिल आणि टीपी (वाहतूक परवाना) मिळते, ती मागून घ्यावी. कांडल्याला उतरणारं आफ्रिकेतलं आणि लॅटिन अमेरिकेतलं लागवडीचं सागवान स्वस्त पडतं. त्यातला बराच माल कोवळ्या झाडांचा असतो आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचं प्रमाण जास्त असतं. सागवानाला वाळवी लागत नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण तो गुण गाभ्याच्या लाकडाचा आहे. पांढऱ्या भागाला वाळवी खुशाल लागते. बर्मा सागवान म्हणून जे दाखवलं जातं, त्याची कागदपत्रं मी आवर्जून मागते, कारण म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची, म्हणजे न चिरलेल्या ओंडक्यांची, निर्यात बंद केली आहे.

एका वखारीत "सीझन केलेलं" म्हणून दाखवलेल्या सागवानात मॉइश्चर मीटरची पिन टोचली तर काटा १८ च्या पुढे गेला. ते लाकूड मेपर्यंत किती आकसलं असतं याचा हिशेब वर आलाच आहे. मीटर फार महाग नसतो. ज्याला लाखो रुपयांचं लाकूड घ्यायचं आहे त्याने तो विकत घ्यावा, नाहीतर मिस्त्रीला आणायला सांगावा, आणि फळीच्या टोकाला न टोचता मध्यावर टोचावा. टोकं आधी वाळतात.

आणि मग मल्हारगंजातल्या जुन्या घराच्या कड्या, म्हणजे लाकडी तुळया, पुढे आल्या. घर पाडणाऱ्या ठेकेदाराने त्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. काका सहज बोलले म्हणून मी बघायला गेले. चार बाय पाच इंचांच्या, दहा-दहा फुटांच्या कड्या, चुना आणि काजळीने काळ्या झालेल्या. मिस्त्रीने एकीवर रंधा मारला. आतून सोनेरी तपकिरी लाकूड आणि तो सागवानाचा तेलकट वास. "मैडम, इसमें तेल अभी तक बाकी है," तो म्हणाला. पांढऱ्या लाकडाचा मागमूस नव्हता. त्या काळी पक्क्या झाडांचा गाभाच कड्यांना वापरत. मीटरवर ९ ते १० टक्के ओलावा. इतक्या वर्षांचे उन्हाळे-पावसाळे पाहिलेलं लाकूड यापेक्षा जास्त काय वाळणार?

जुन्या लाकडाचं कौतुक पुष्कळ होतं, त्याच्या अडचणी सांगितल्या जात नाहीत. पहिली, भिंतीत गाडलेली टोकं. तिथे वर्षानुवर्षं ओल मुरलेली असते आणि वाळवीने आत घर केलेलं असतं. प्रत्येक कडीची दोन्ही टोकं आम्ही फूटफूट कापून टाकली, काहींची दीड फूट. दुसरी, खिळे. आरा मशीनवाल्याने आधी साफ नकार दिला, कारण एका खिळ्याने पातं जातं. मेटल डिटेक्टर फिरवून, खडूने खुणा करून, दिसणारे खिळे उपटून मगच माल नेला, आणि पातं तुटलं तर त्याचे पैसे आम्ही देऊ असं आधीच ठरवलं. तिसरी अडचण मधल्या पोकळ रेषेची. झाडाच्या अगदी मध्यातून काढलेली कडी असेल तर तिथे चीर असते, तो भाग फेकावाच लागतो.

चौथी, आणि सर्वांत जास्त पैसे खाणारी गोष्ट म्हणजे घट. १६८ चौरस फुटांना एक इंच जाडीचं चिरलेलं लाकूड लागतं १४ घनफूट, कारण एका घनफुटातून इंचभर जाडीचं १२ चौरस फूट निघतं. त्यात पट्टीची जीभ (शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणारी कड) काढताना जाणारी रुंदी आणि तुकडे धरले की १७. कड्यांमधून निम्माच माल हाती लागतो, म्हणजे ३४ घनफूट कड्या. चार बाय पाचची दहा फुटी कडी १.३९ घनफूट भरते. म्हणजे पंचवीसएक कड्या. काकांनी भावकीतल्या बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देऊन तेवढ्या उचलल्या. चिराई, रंधा आणि मजुरी धरून एकूण खर्च इंजिनिअर्ड ओकच्या कोटेशनच्या जवळपासच गेला. जुनं लाकूड घरचं आहे म्हणून स्वस्त पडतं, असा समज कुणी करून घेऊ नये. फरक हा, की इथे १८ मिलिमीटरचं सलग लाकूड मिळालं, जे कितीदा तरी घासून नवं करता येईल.

रंगाचा प्रश्न राहिलाच होता. सूनबाईंना फिकट ओक हवा होता आणि जुनं सागवान गडद. फिकट रंग चढवायचा एक नमुना मिस्त्रीने करून दाखवला. तो बघून त्यांनीच नको म्हटलं आणि भिंती फिकट ठेवायचं ठरवलं. ताजं रंधलेलं सागवान सुरुवातीला चट्ट्यापट्ट्यांचं, हिरवटही दिसतं. उजेडात काही आठवड्यांत रंग एकसारखा होतो, हे आधीच सांगून ठेवलं.

खरी ओढाताण तारखेवर झाली. अक्षय्य तृतीया म्हणजे एप्रिल-मे, वर्षातला सर्वांत कोरडा काळ. तेव्हा पट्ट्या घट्ट बसवल्या तर ऑगस्टमध्ये त्यांना फुगायला जागा उरत नाही, जमीन मधून उचलली जाते. भर पावसाळ्यात बसवल्या तर पुढच्या मेमध्ये मोठ्या फटी पडतात. मधला ओलावा, म्हणजे ९-१० टक्के, इंदुरात दिवाळीनंतर सापडतो. त्या वेळी बसवलेली पट्टी दोन्ही बाजूंना चार-चार टक्केच हलते. काकूंना मुहूर्त मोडायचा नव्हता, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी म्हटलं, पूजा आणि गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेलाच करा, फक्त वरची मोठी खोली दिवाळीनंतर घ्या. मुलगा-सून तोवर लहान खोलीत राहिले. त्यांनी कुरकुर केली नाही असं नाही.

या थांबण्याचा दुसरा फायदाही झाला. जुनी कडी चिरली की तिच्या आतला ताण सुटतो आणि पट्ट्या थोड्या वाकतात. एप्रिलमध्ये जाड चिरून, मधे आडव्या चिपा घालून रचलेला माल पावसाळाभर त्याच खोलीत पडून राहिला. ज्या पट्ट्या वाकायच्या होत्या त्या वाकल्या. दसऱ्यानंतर त्यांना अंतिम रंधा मारून खाच आणि जीभ काढली.

बसवण्याबद्दल थोडक्यात. स्लॅबवरच्या मोझॅकवर १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय स्क्रूने पक्कं केलं, त्यावर १८ मिलिमीटरच्या पट्ट्या, खिळे जिभेतून तिरके, वरून एकही दिसत नाही. लाकडी बत्त्यांवर, म्हणजे चौकोनी दांड्यांवर, बसवण्याची पद्धतही चांगली, पण त्यात जमीन आणखी वर येते आणि चालताना पोकळ आवाज होतो. इथे ३० मिलिमीटरच वाढले, दाराची फळी तेवढी खालून कापली. बाथरूमच्या दाराशी वाढलेली उंची झाकायला उरलेल्या कडीचा उतरता उंबरा केला. भिंतीलगत चारही बाजूंनी १२ मिलिमीटर मोकळं सोडलं. स्कर्टिंग भिंतीला ठोकलं, जमिनीला नाही, म्हणजे खाली लाकूड मोकळं राहतं.

वरच्या लेपात मी जवसाच्या तेलावर आधारलेल्या मॅट फिनिशला मत दिलं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप, जास्त टणक असतं, पण ते पट्ट्यांच्या कडांमधे उतरून त्यांना एकमेकींना चिकटवतं. मग प्रत्येक जोडात केसाएवढी फट पडण्याऐवजी खोलीभर एकच मोठी फट उघडते. शिवाय तेलाचं फिनिश जिथे झिजलं तिथेच पुन्हा लावता येतं. ज्यांच्या घरी लहान मुलं पाणी सांडतात त्यांनी पीयू निवडलं तर मी वाद घालणार नाही.

फिनिशपेक्षा महत्त्वाचं बोलणं झालं ते कामाला येणाऱ्या मावशींशी. आपल्याकडे बादलीभर फिनाइलच्या पाण्यात बुडवलेला पोछा जमिनीवर फिरतो, आणि कोट्यावर ते योग्यच आहे. लाकडावर आधी कोरडा झाडू, कारण धुळीतली वाळू पायाखाली घासली जाऊन चरे पाडते. मग घट्ट पिळलेलं फडकं, फिनाइलशिवाय. काकूंनी वरच्या मजल्यासाठी वेगळी बादली आणि वेगळ्या रंगाचं फडकं ठेवलं. ही सवय लागणार नसेल तर त्या घरात लाकूड घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या मे महिन्यात पट्ट्यांमधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम शिरेल एवढ्या फटी दिसल्या, सगळीकडे सारख्या. ऑगस्टमध्ये त्या मिटल्या आणि जमीन कुठेही उचलली गेली नाही. गॅलरीच्या दाराजवळ मात्र एका वादळी पावसात पाणी आत आलं आणि तिथल्या दोन पट्ट्यांच्या कडा उचलल्या गेल्या. पावसाळा संपून पट्ट्या वाळेपर्यंत त्यांना हात लावला नाही. ओल्या असताना घासल्या असत्या तर वाळल्यावर मधे फुगवटा राहिला असता. एक आपोआप बसली, दुसरी बदलली. त्यासाठी लागणाऱ्या जास्तीच्या पट्ट्या त्याच खोलीत पलंगाखाली ठेवलेल्या होत्या, म्हणजे त्यांचा ओलावा जमिनीइतकाच राहिला. गॅलरीच्या दाराला आता बाहेरून दगडी पट्टी आणि वर छज्जा वाढवून घेतला आहे.